नानासाहेब पुन्हा सापडले!

नांदेडहून निघून अर्धापूर मागे टाकले की वारंगा फाटा येतो आणि रस्त्याला दोन तोंडे फुटतात. एक वाट कळमनुरी, हिंगोली, वाशीम करीत अकोल्याला जाते. दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळ करीत नागपूरकडे वळते. ट्रकवाले, एसटीचे प्रवासी, माहूरचे भक्त इथे गरम खिचडीसाठी उतरतात आणि आपापल्या दिशेला लागतात. हदगाव सोडले की पुढे पैनगंगा लागते. आज ती नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांची शीव आहे. १८५३ च्या तहानंतर मात्र ती दोन राज्यकर्त्यांमधली शीव होती. अलीकडे निजामाची दौलत, पलीकडे इंग्रजांनी कर्जापोटी आपल्या कारभाराखाली घेतलेला वऱ्हाड. आणि अलीकडच्या बाजूला, निजामाच्या मुलखातच, हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंटची छावणी. शिपाई निजामाच्या पैशाचे, साहेब इंग्रज.

१८५८ च्या शेवटी या टापूवर कलकत्त्यापासून मुंबईपर्यंत सगळ्यांचे डोळे लागले होते. तात्या टोपे आणि नानासाहेबांचे पुतणे रावसाहेब पेशवे यांनी ऑक्टोबरच्या अखेरीस नर्मदा ओलांडली. पेशव्यांचा माणूस पेशव्यांच्या नावाने दक्षिणेत उतरतो आहे, एवढी बातमी मुंबई आणि मद्रास सरकारची झोप उडवायला पुरेशी होती. ते दोघे मुलताईपर्यंत आले, वाटा बंद दिसल्या, मेळघाटाच्या कडेने खानदेशाकडे वळले आणि परत नर्मदेपार गेले. दक्षिणेत फौज आली नाही. पण एक कागद आला.

रंगराव रत्नाकर पागे हा निजामाच्या मुलखातला पटवारी. तो उत्तरेत जाऊन नानासाहेबांच्या गोटात पोचला आणि त्यांच्या नावाचे जाहीरनाम्याचे पत्र घेऊन परतला. ते घेऊन तो मराठवाड्याच्या दक्षिणेकडच्या जमीनदार-जहागीरदारांना भेटत फिरला. देगलूरच्या खाली कौलास आहे; तिथला राजा दीपसिंग त्याच्या बाजूने झाला. १८५९ मध्ये मंडळी पकडली गेली. दीपसिंगाला तीन वर्षांची कैद झाली, रंगरावाला काळ्या पाण्यावर पाठवले आणि १८६० मध्ये तो अंदमानातच मेला. ज्या नानासाहेबांच्या नावाने हे सगळे घडले, ते दक्षिणेत कधी आलेच नाहीत. त्यांचे नाव मात्र आले, आणि माणसाला जमणार नाही तितका मुक्काम करून राहिले.

या लेखाचा विषय नानासाहेब पेशवे नाहीत. विषय आहे ‘नानासाहेब’ हे पात्र: लंडनच्या छापखान्यांनी उभे केलेले, कलकत्त्याच्या सरकारने एक लाख रुपये लावलेले आणि पुढची पस्तीस-छत्तीस वर्षे एकामागून एक निराळ्याच माणसांच्या अंगावर चढवलेले.

खलनायकाचा जन्म

खरे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत, १८२४ मध्ये कर्जतजवळच्या वेणगावी भट घराण्यात जन्मलेले. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये त्यांना दत्तक घेतले आणि कानपूरजवळच्या ब्रह्मावर्ताच्या वाड्यात ते वाढले. २८ जानेवारी १८५१ ला बाजीराव वारला आणि वर्षाचा आठ लाखांचा तनखा कंपनीने बंद केला. अर्ज झाले, विनवण्या झाल्या, नानांचा वकील अझीमुल्ला खान लंडनला जाऊन रिकाम्या हातांनी आला. पण कानपूरच्या साहेबलोकांशी नानांचे येणेजाणे चालू होते. वाड्यावर मेजवान्या होत. आपल्या हक्कासाठी कुरकुरणारा, पण पाहुणचाराला उदार असा एक संस्थानिक, एवढीच त्यांची इंग्रजी ओळख होती.

जून १८५७ मध्ये शिपायांचा उठाव कानपूरला पोचला, नाना त्याचे पुढारी झाले आणि इंग्रजांना वेढा पडला. २७ जूनला सतीचौरा घाटावर, जीवदान कबूल करून नावांत बसवलेल्या इंग्रजांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १५ जुलैला बिबीघरात कोंडलेल्या सुमारे दोनशे बायकामुलांची कत्तल झाली. दोन दिवसांनी इंग्रज सेनापती हॅवलॉक शहरात शिरला, मागून नील आला आणि त्याने जो सूड घेतला तोही माणसाने वाचू नये असाच होता. या दोन कत्तलींत नानांचा स्वतःचा हुकूम किती, भोवतालच्यांचा किती, यावर इतिहासकारांनी पानेच्या पाने लिहिली आहेत. लंडनला तेवढी सवड नव्हती. हजारो शिपायांच्या, शेकडो गावांच्या, निरनिराळ्या कारणांच्या या उठावाला एक चेहरा हवा होता. बहादूरशहा म्हातारा होता, झाशीची राणी बाई होती आणि लढताना पडली. उरले नाना: गोरे, धिप्पाड, इंग्रजांना मेजवान्या देणारे आणि मग निसटलेले. नाटकातल्या दुष्टाला लागणारे सगळे साहित्य तयार होते. नव्हते ते फक्त चित्र.

चित्राची कथा फोर्ब्स-मिचेल नावाच्या स्कॉटिश सैनिकाने आपल्या आठवणींत सांगितली आहे. लंडनच्या सचित्र वृत्तपत्राला नानासाहेबांची तसबीर हवी होती, ती कुणाकडेच नव्हती. जॉन लँग या वकिलाकडे मात्र एका ऐटदार हिंदी माणसाचे चित्र होते. तो माणूस म्हणजे ज्योतीप्रसाद, कंपनीच्या फौजेला रसद पुरवणारा बडा ठेकेदार, ज्याचा खटला लँगने आग्र्याला लढवून जिंकला होता. पगडी होती, दागिने होते, चेहऱ्यावर रुबाब होता. तेच चित्र नानासाहेब म्हणून छापले गेले. ज्याच्या धान्यावर कंपनीचे सैन्य पोसले त्याच माणसाच्या चेहऱ्याचा इंग्लंड तिटकारा करू लागले! म्हणजे पात्राची पहिली अदलाबदल कुठल्या जंगलात किंवा मठात झाली नाही; ती खुद्द लंडनच्या छपाईत झाली.

मग वेग वाढला. मादाम तुसाँच्या मेणाच्या संग्रहालयात नाना उभे राहिले. हर्मान ग्योडशे या जर्मन लेखकाने बंड पुरते विझायच्या आतच त्यांच्या नावाची जाडजूड कादंबरी सुरू केली. १८८३ मध्ये पॅरिसच्या रंगभूमीवर झाँ रिशपँचे ‘नाना-साहिब’ आले. त्यात सारा बर्नहार्ट होती आणि पुढे कवीने स्वतःच नायकाची भूमिका केली. ज्यूल व्हर्नने १८८० मध्ये ‘वाफेचे घर’ या कादंबरीत नानांना मुख्य दुष्ट केले. मराठवाड्याच्या वाचकाला गंमत वाटेल ती अशी की ही कादंबरी सुरू होते औरंगाबादेत. १८६७ च्या मार्च महिन्यात शहराच्या भिंतीवर नानासाहेबांना पकडून देणाऱ्यास बक्षीस देण्याची जाहिरात लागते आणि एक फकीर ती फाडून टाकतो. व्हर्नने हिंदुस्थान पाहिला नव्हता, पण खलनायक कसा चालवावा हे त्याला ठाऊक होते. त्याने नानांना हुबेहूब त्यांच्यासारखा दिसणारा भाऊ दिला. मध्यावर भाऊ मारला जातो, लोक नाना मेले म्हणून निर्धास्त होतात, आणि खरे नाना पुढच्या भागात हजर!

व्हर्नने हे कल्पनेने लिहिले. सरकारच्या दप्तरात हाच प्रकार वीस वर्षे आधीपासून गंभीरपणे चालला होता.

मेल्याची बातमी

१८५८ च्या अखेरीस नानासाहेब, भाऊ बाळासाहेब, बेगम हजरत महल आणि हजारो माणसे नेपाळच्या तराईत ढकलली गेली. तराई म्हणजे हिवतापाचे माहेर. एप्रिल १८५९ मध्ये नानांनी तिथून इंग्रजांना पत्र पाठवले. बायकामुलांचे रक्त आपल्या माथी नाही, असे त्यात म्हटले. इंग्रज उत्तर देत राहिले की शरण या, मग न्याय होईल. सप्टेंबरात नेपाळचा सर्वाधिकारी जंगबहादूर राणा याच्याकडून खबर आली: २४ सप्टेंबरला नाना देवखरीत तापाने वारले.

प्रेत इंग्रजांपैकी कुणी पाहिले नाही. सांगणारा जंगबहादूर, तो इंग्रजांचा दोस्त खरा, पण पेशव्यांच्या बायकांना त्याने काठमांडूत आसरा दिला होता आणि त्यांचे जडजवाहीर विकत घेतले होते. त्यामुळे कलकत्त्याने त्याचा शब्द ना मानला ना टाकला. बक्षीस कायम राहिले, वर्णनाचे कागद ठाण्याठाण्यांत राहिले. सरकारी भाषेत सांगायचे तर नाना मयत होते आणि फरारीही.

मराठी माणसाला ही कोंडी नवी नव्हती. शंभर वर्षांपूर्वी पानिपतावर सदाशिवरावभाऊ दिसेनासे झाले. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईनंतर शिर नसलेल्या एका देहाला भाऊ म्हणून अग्नी दिला गेला, पण पुण्यात पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. जिथे घरच्या माणसाचा विश्वास बसत नाही तिथे पोकळी राहते आणि तिच्यात कुणीतरी येऊन बसतो. उत्तरेत सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात त्याची चौकशी झाली, तोतया ठरला आणि किल्ल्याकिल्ल्यांतून फिरत शेवटी रत्नागिरीला कैदेत पडला. माधवराव गेले, नारायणरावाचा खून झाला, बारभाईंचा कारभार आला. दौलत पोरक्यासारखी झाली तेव्हा, १७७६ च्या आरंभी, रत्नागिरीचा कारभारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला बाहेर काढून भाऊ म्हणून उभे केले. कोकणातले किल्ले भराभर त्याच्याकडे गेले. घाट चढून तो पुण्याच्या उंबऱ्यापर्यंत आला. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला, समुद्राकडे पळताना रघूजी आंग्र्यांनी त्याला धरले आणि १८ डिसेंबर १७७६ ला त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी त्याच्यावर नाटक लिहिले ते ‘तोतयाचे बंड’.

भाऊचा तोतया आणि नानांचे तोतये यांत एक मूलभूत फरक आहे, आणि सगळी गोम तिथे आहे. सुखनिधान आपण होऊन भाऊ झाला. त्याला दौलत हवी होती, आणि लोकांना भाऊ हवे होते. नानांच्या बाबतीत उलटे झाले. बहुतेक माणसे घसा कोरडा करून सांगत होती की आम्ही नाना नाही, आणि सरकार म्हणत होते की तुम्हीच नाना.

पोशाख तोच, माणूस नवा

१८६१ च्या सुमारास कराचीत एक संशयित धरला गेला. ऑगस्ट १८६२ मध्ये खरेखुरे रावसाहेब पेशवे कानपूरला फाशी गेले; जम्मूच्या बाजूला बैराग्याच्या वेषात राहत असता त्यांना पकडले होते. या एका यशाने पुढच्या अनेक अपयशांचा पाया घातला. बैराग्याच्या भगव्याखाली पेशवा निघू शकतो, हे एकदा सिद्ध झाले म्हटल्यावर प्रत्येक भगवे संशयास्पद झाले.

१८६३ च्या उन्हाळ्यात अजमेरला नानासाहेब सापडले. विलायतेपर्यंत तारा गेल्या, अमेरिकेच्या वर्तमानपत्रांनीही बातमी छापली. धरलेला माणूस अप्पाराम नावाचा ब्राह्मण होता. पहारा लावून त्याला कानपूरला नेले, पूर्वी नानांना पाहिलेल्यांसमोर उभे केले आणि ओळख पटली नाही.

इथे ठाण्यातल्या वर्णनाच्या कागदाचा विचार करावा. उंची मध्यमाहून बरी, बांधा भक्कम, रंग गोरा, चेहरा गोल, चेहरेपट्टी मराठी. या वर्णनाचा माणूस त्या काळच्या कोणत्याही तीर्थाच्या वाटेवर तासभर बसले तर दिसावा. आपल्या वारंगा फाट्याचाच परिसर घ्या. एका अंगाला औंढा नागनाथ, दुसऱ्या अंगाला माहूरची रेणुका, मागे नांदेडचे गुरुद्वार आणि गोदावरीचा घाट. खुद्द हिंगोलीत खाकीबाबांचा मठ आणि त्याचा दसरा. गोसावी, बैरागी, उदासी, दत्तभक्त ब्राह्मण, काशीहून गंगा घेऊन रामेश्वराला निघालेले कावडीवाले, असे नाना प्रकारचे लोक या वाटांवरून बारमाही चालत. त्यांतले बरेचसे मूळ गाव सांगत नसत. संन्याशाने पूर्वाश्रम सांगायचा नसतो हा त्यांचा आचारच. पोलिसाच्या लेखी मात्र गाव न सांगणारा गोरा दक्षिणी म्हणजे एक लाख रुपये. आठ-दहा रुपयांवर महिना काढणाऱ्या शिपायासमोर हा आकडा ठेवल्यावर त्याला नाना दिसले नसते तरच नवल.

तशात निजामाच्या मुलखात धास्तीला खरे खाद्यही मिळत होते. १८६७ मध्ये बीदरच्या बाजूला रामराव ऊर्फ जंगबहादूर नावाचा माणूस पकडला गेला. तो स्वतःला साताऱ्याच्या छत्रपतींचा नातलग म्हणवून माणसे जमवत होता. साताऱ्याची गादी १८४८ मध्ये खालसा झाली होती, पेशवाईचा शेवटचा वारस बेपत्ता होता. रिकाम्या गाद्यांचा हा देश. तिथे वारस उगवणे सोपे होते आणि सरकारने भिणेही साहजिक होते. फरक एवढाच की रामरावाने नाव स्वतः घेतले होते, अप्पारामावर ते लादले गेले. दप्तरात दोघांची जात एकच: बंडखोर.

एकच पोशाख निरनिराळ्या अंगांवर चढतो, ही गोष्ट चित्रकथांच्या वाचकाला ओळखीची आहे. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स १९६४ पासून निघू लागले आणि त्यातल्या वेताळाने, म्हणजे फँटमने, पोरांना वेड लावले. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, तीच कवटीची अंगठी घालतो, आणि जंगलाला वाटते की वेताळ अमर आहे. परदेशी कॉमिक्समध्ये खलनायकांनाही हीच सोय आहे. स्पायडरमॅनचा वैरी ग्रीन गॉब्लिन प्रथम नॉर्मन ऑस्बॉर्न, मग त्याचा मुलगा हॅरी, मग त्याचाच डॉक्टर बार्ट हॅमिल्टन. मुखवटा लोकप्रिय असतो. आतला मेला म्हणून मुखवटा पुरत नाहीत. चित्रकथेत निदान नवा माणूस मुखवटा राजीखुशीने किंवा वेडाच्या भरात उचलतो. नानांच्या गोष्टीत मुखवटा फौजदाराच्या हातात होता आणि तो डोकी शोधत फिरत होता.

शिंद्यांची पंचाईत

या मालिकेतला सर्वांत गाजलेला अंक १८७४ च्या ऑक्टोबरात ग्वाल्हेरला घडला, आणि त्यात फौजदाराच्या जागी खुद्द जयाजीराव शिंदे होते.

जयाजीरावांचे १८५८ चे दुखणे समजून घेतले पाहिजे. त्या जूनमध्ये रावसाहेब, तात्या आणि राणी लक्ष्मीबाई ग्वाल्हेरवर आले. शिंद्यांची फौज पाहुण्यांना मिळाली आणि महाराज आग्र्याला पळाले. त्यांच्याच नगरात दरबार भरला आणि नानासाहेबांच्या नावे पेशवाईची द्वाही फिरली. इंग्रजांनी महाराजांना परत गादीवर बसवले, पण तेव्हापासून दोन्हीकडून बोल: इंग्रज म्हणत, फौज सांभाळता आली नाही, देशस्थ-कोकणस्थ मंडळी कुजबुजत, धन्याशी हरामखोरी केली.

सोळा वर्षांनी एक माणूस ग्वाल्हेरात आला आणि आपण नाना असल्याचे सांगू लागला. महाराजांनी त्याला भेटून विचारपूस केली, त्यांची खात्री पटली आणि त्यांनी त्याला इंग्रज वकिलाच्या हवाली केले. मात्र त्याचा जीव घेऊ नये, अशी इच्छाही व्यक्त केली. या एका कृतीत शिंद्यांची सगळी कोंडी आहे. ठेवून घ्यावे तर राजद्रोह, द्यावे तर पेशव्यांना फाशी दिल्याचे पाप पाटीलबाबा महादजींच्या घराण्याला लागणार. म्हणून दिले, आणि जीवदान मागितले.

लंडनला तार गेली: नाना सापडले. मुंबई-कलकत्त्याची पत्रे दोन आठवडे त्यावर जगली. कैद्याला कानपूरला नेले, जुन्या ओळखीच्या लोकांसमोर आणि डॉक्टरांसमोर उभे केले. नाना जिवंत असते तर पन्नाशीचे असते. हा माणूस त्याहून तरुण होता. मग खुद्द कैद्यानेच शब्द फिरवला: भांगेच्या तारेत बोलून गेलो. नाना तर नाहीच, धड पट्टीचा तोतयाही नाही! सरकारची फजिती झाली, महाराजांची त्याहून जास्त. पेशव्यांना पकडून दिल्याचा बोल मात्र शिल्लक राहिला, कारण महाराजांनी ते नाना समजूनच दिले होते.

या प्रकरणाला दुसरीही बाजू आहे. तो माणूस खोटा ठरला, पण लोक त्याच्याकडे पेशवा म्हणून पाहायला तयार होते. इंग्रजांनी ज्या नावाला राक्षस केले, तेच नाव बाजारात आणि घाटावर वेगळ्या सुरात घेतले जाई. ‘नाना अजून आहेत’ या तीन शब्दांत इंग्रजाला धाक होता आणि इतरांना आधार. मुखवटा एकच, कुणी त्याच्याकडे पाहून दार लावी, कुणी कोनाड्यात दिवा. म्हणूनच तो इतकी वर्षे उतरेना. नुसत्या पोलिसी भीतीवर कोणतेही पात्र छत्तीस वर्षे चालत नाही. भीतीइतकीच वाट पाहणारी माणसेही लागतात.

शेवटची तार

शेवटचा ठळक प्रवेश १८९५ चा, काठेवाडातला. तो पर्सिव्हल लँडन या इंग्रज पत्रकाराने १९०६ च्या आपल्या प्रवासवर्णनात सांगितला आहे. एका म्हाताऱ्या साधूला गावची टवाळ पोरे छळत होती, म्हणून पोलिसांनी त्याला आसरा दिला. म्हातारा बडबडू लागला की मी नानासाहेब पेशवा आहे. राजकोटच्या बाजूचा तरुण इंग्रज अधिकारी हरखला. ज्याच्या गोष्टी ऐकत तो लहानाचा मोठा झाला, तो साम्राज्याचा महावैरी आपल्या कोठडीत! त्याने कलकत्त्याला तार केली: नाना पकडले आहेत, हुकूम व्हावा. उत्तर आले की ताबडतोब सोडून द्या.

लँडनला यात खेद दिसतो. एका पिढीचा संताप असा कसा विझला, याचे त्याला आश्चर्य वाटते. मला त्यात सरकारी हिशेब दिसतो. १८६३ मध्ये नाना सापडणे ही विजयाची बातमी होती. १८७४ मध्ये ती जोखमीची झाली. १८९५ मध्ये ती नुसती कटकट होती. खरा असला तर एकाहत्तर वर्षांच्या साधूला फासावर चढवून सबंध देशात हुतात्मा करायचा. खोटा असला तर पुन्हा हसे. आणि एव्हाना भीती घालायला नवी माणसे आली होती. वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात वारले होते. काँग्रेसची अधिवेशने दहा वर्षे भरत होती. त्याच १८९५ मध्ये रायगडावरच्या शिवसमाधीसाठी टिळक ‘केसरी’तून लोकांना हाक देत होते. साम्राज्याला आता तराईतल्या राजपुत्रापेक्षा पुण्यातला संपादक जड जात होता. खलनायकाची भूमिका रद्द झाली नव्हती. पात्र बदलले होते. म्हणून म्हाताऱ्याला सोडा.

तरीही नाव रिकामे राहिले नाही. स्वातंत्र्यानंतर ते उलटे होऊन परत आले. कानपूरला बिबीघराच्या विहिरीवर इंग्रजांनी स्मारक बांधले होते, भोवती बाग केली होती. त्याच बागेला पुढे नानाराव पार्क नाव मिळाले. मग भावनगरजवळच्या सिहोरपासून नैमिषारण्यापर्यंत ठिकठिकाणी नानासाहेब साधुवेषात राहिल्याच्या आणि तिथेच देह ठेवल्याच्या कथा पुढे आल्या, नातवांचे दावे आले, पोथ्या आणि वस्तू दाखवल्या गेल्या. १८६३ मध्ये जे नाव अंगाला चिकटू नये म्हणून माणसे शपथा घेत होती, ते शंभर वर्षांनी मिळावे म्हणून माणसे पुरावे गोळा करू लागली. एकट्या नानांना इतक्या जागी मरणे शक्य नव्हते, पण गावांना आपापला नाना हवा होता.

इतिहासात तोतयाचा शोध घेताना आपण नेहमी विचारतो की हा खरा कोण होता. भाऊच्या तोतयाच्या बाबतीत तो प्रश्न बरोबर आहे. नानांच्या तोतयांच्या बाबतीत तो पोलिसांचाच प्रश्न आपण पुढे चालवण्यासारखे आहे. इथे विचारायला हवे ते हे की नाना कुणाला हवे होते आणि कधी. लंडनच्या छापखान्यांना १८५७ मध्ये हवे होते, ठाण्यातल्या शिपायाला बक्षिसासाठी, शिंद्यांना निष्ठा दाखवण्यासाठी, आणि उत्तर-दक्षिणेतल्या असंख्य माणसांना मनातल्या मनात. जेव्हा कुणालाच नको होते, तेव्हा एका तारेने प्रकरण मिटले.

तनखा बंद करून कंपनीने नानासाहेबांचे वर्षाला आठ लाख वाचवले होते. त्यांच्या डोक्यावर लावलेले एक लाखही शेवटपर्यंत तिजोरीतच राहिले, कुणालाच द्यावे लागले नाहीत. किंमत मोजली ती बेड्या घालून कानपूरच्या वाटेवर चालवलेल्या अप्पारामसारख्यांनी, ज्यांना पेशवा व्हायचे नव्हते.